खालच्या ओळीतली पोरं

"आधी धुऊन घ्या ती. सकाळपासून त्याच्या हातात होती ना."

वैनीसाहेब एवढंच बोलल्या. माझ्याकडं बघून नाही, केककडं बघून. भर चौकात, डीजेच्या गाडीसमोर, अख्ख्या गावादेखत.

वैनीसाहेबांचे मालक, भाऊ, त्यांचा वाढदिवस होता. केक तलवारीनं कापायचा ही आमच्याकडची नवी रीत. सुरीनं केक कापणारा म्हणजे मास्तर, नाहीतर कारकून. तलवार माझ्या हातात होती. सकाळपासून मी ती धरून जीपच्या टपावर उभा होतो. डोक्याला भगवा फेटा, डोळ्यांवर मित्राचा गॉगल. वय चौदा. ऊन मरणाचं होतं, पण मला ते लागत नव्हतं. मला वाटत होतं, आज सगळे माझ्याकडंच बघून राहिलेत.

मी तलवार पुढं केली. भाऊंचा हातही पुढं आला होता. वैनीसाहेबांचं वाक्य आलं आणि तो हात मागं गेला.

"जा रे, टँकरवर धुऊन आण," भाऊ हसत म्हणाले. "पोटात जायचाय केक."

कुणीतरी भांडी घासायची पावडर आणून दिली. मी घासली. पातं घासलं, मूठ घासली, जिथं माझी बोटं होती तिथं जास्त घासली. मीच. परत आणली तर मंडळाच्या एका माणसानं ती माझ्या हातून घेतली नाही. "ठेव तिथं टेबलावर," म्हणाला. मी ठेवली, मग त्यानं उचलली आणि भाऊंच्या पोराच्या हातात दिली.

भाऊंचा पोरगा प्रतीक. माझ्याच वयाचा. लातूरला क्लासला होता, वाढदिवसापुरता गावी आला होता. त्यानं आणि भाऊंनी मिळून केक कापला. लोक ओरडले. मीही ओरडलो. सवय होती.

गाव गोदावरीच्या काठचं, उमरीपासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, तिथं माझी माणसं राहतात. भाऊंचं नावाला मित्रमंडळ, धंदा वाळूचा. नदीचा घाट कुणाचा, यावरून दुसऱ्या टोळीशी कायमची खुन्नस. त्यासाठी कोयते, तलवारी, एखाददुसरा गावठी कट्टा. आणि त्यासाठी आम्ही. बौद्धवाड्यातली, वडारवाड्यातली, तांड्यावरची पोरं. मिसरूड न फुटलेली.

आम्हीच का, हे भाऊंनी कधी लपवलं नाही. एकदा वकिलासोबत बसले होते, आम्ही ओट्याखाली उभे होतो. भाऊ म्हणाले, "अठराच्या आतलं पोरगं कामाला बरं. लेकरू हाय म्हणलं की कोर्ट बी लेकरूच समजतंय." वकील हसला. आम्हीही हसलो, आपलं कौतुक चाललंय असं वाटून.

पगार नव्हता. बुलेटवर मागं बसायला मिळायचं, वडापाव मिळायचा, आणि फ्लेक्सवर फोटो. फ्लेक्स म्हणजे आमच्या गावाची देवळी. वरच्या बाजूला मोठ्या पुढाऱ्यांची नुसती मुंडकी, मधे भाऊ पायापासून डोक्यापर्यंत, कानाला मोबाइल. आणि सगळ्यात खाली, शुभेच्छुक म्हणून, आम्ही. एका ओळीत, बोराएवढे चेहरे. माझी माय सोयाबीन काढून येताना त्या फ्लेक्सखाली थांबली होती. सोबतच्या बायांना बोट करून दाखवत होती. आमच्या घरातल्या कुणाचा चेहरा कधी भिंतीवर लागला नव्हता. तिला दोष कसा देऊ?

माझ्या शेजारी ओळीत नाग्या असायचा. नागनाथ. दगड फोडणाऱ्याच्या घरचा, हसला की हिरड्या दिसायच्या. गॉगल त्याचाच होता. आम्ही आळीपाळीनं घालायचो.

वाढदिवसानंतरच्या हिवाळ्यात घाटावर राडा झाला. सकाळची वेळ होती, नदीवर धुकं होतं. आम्हाला पुढं उभं केलं. समोरची पोरंही आमच्याएवढीच होती, त्यातलं एक माझ्या शाळेतलं. भाऊ पुलावर गाडीत बसले होते, काचा वर करून. प्रतीक तेव्हा लातूरला असणार, क्लासमधे, पहिल्या बाकावर. त्याला नदीकडं फिरकायची बंदी होती. वैनीसाहेबांचा दंडकच होता, वाळूच्या धंद्याचं वारं लेकराला लागू द्यायचं नाही.

राडा किती वेळ चालला ते मला सांगता येणार नाही. नाग्या पालथा पडला होता एवढं दिसलं. मी त्याला उताणा केला. वाळू रक्त पटकन पिते. मी हातानं दाबून धरत होतो आणि ते खाली जात होतं, जणू नदीला तहान लागली होती. त्यानं काही म्हटलं नाही. सिनेमात म्हणतात तसं काहीच नाही. नुसता माझा शर्ट धरला होता. ती मूठ मला अजून लागते, छातीच्या इथं, डाव्या बाजूला. शर्ट कुठलाही घातला तरी.

मला पोलिसांनी उचललं आणि निरीक्षणगृहात ठेवलं. भाऊंना कुणी काही विचारलं नाही. सुटलो त्या दिवशी फाटकाबाहेर भाऊंची जीप उभी होती, हार घेऊन. "वाघ सुटला," म्हणत पोरं नाचत होती. मी त्या टपाकडं बघितलं. मला टँकरच्या नळाखालची तलवार आठवली आणि पहिल्यांदा सरळ कळलं. या हातानं मारलेलं यांना चालतं. हा हात मेला तरी चालतं. या हातचं गोड मात्र चालत नाही. मी जीपमधे बसलो नाही. एसटीत बसलो. हार घेतलेला माणूस शिव्या देत राहिला.

गावात शिरलो तर चौकात नाग्या होता. फ्लेक्सवर. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली भाऊंचं आणि मंडळाचं नाव. फोटो वाढदिवसाच्या फ्लेक्सवरूनच कापून घेतलेला. गॉगल घातलेला. हसणारा. श्रद्धांजलीत गॉगल! दुसरा फोटो मागायला त्याच्या घरी जायची तसदीही कुणी घेतली नव्हती.

महिन्याभरानं तो फ्लेक्स उतरला आणि खालच्या ओळीत नवीन चेहरे आले. माझ्या जागी एक, नाग्याच्या जागी एक. ओळ काही रिकामी राहिली नाही.

पुढं मी नांदेडला आलो. पडेल ते केलं आणि शेवटी फ्लेक्सच्याच दुकानात लागलो. नशिबानं थट्टा केली म्हणा. दुकानाचा मालक मामू, साठीचा, दख्खनी बोलणारा, तोंडानं फाटका आणि मनानं घाबरट. मी कॉम्प्युटरवर बसतो. लोकांचे फोटो येतात, मी मागचं कापतो, चेहरे उजळ करतो, ओळीत लावतो. कुठल्याही कामाची फाइल पुसत नाही, पुन्हा उपयोगी पडते. वाढदिवसाला आलेला चेहरा कधी श्रद्धांजलीला लागतो. फक्त खालचा मजकूर बदलायचा आणि बाजूला समई ठेवायची. अशी कितीतरी पोरं माझ्या कॉम्प्युटरमधे आहेत. फोल्डर उघडलं की बघत असतात. कुणाचं काय झालं ते मला ठाऊक असतं, त्यांना ठाऊक नसतं. म्हणून ती हसत असतात.

या वर्षी आमच्या गावाकडून काम आलं. भाऊ आता थकलेत. वाढदिवस डॉक्टर प्रतीक यांचा. लातूरच्या क्लासनं त्याला डॉक्टर केलं होतं, आता बापाची गादी आणि जिल्हा परिषदेचं तिकीट त्याला हवं होतं. खालच्या ओळीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले. मी एकेक उघडत होतो. पाचवा की सहावा उघडला आणि पुढचा उघडलाच नाही.

सम्यक. माझ्या बहिणीचा, अक्काचा पोरगा. गॉगल घातलेला.

मामू शेजारी मोबाइलवर बातम्या ऐकत बसला होता. दूरच्या कुठल्यातरी देशात शाळकरी पोरांच्या हाती बंदुका देणाऱ्या टोळ्यांवर निर्बंध घातल्याची बातमी होती. त्यांना हत्यारं विकायची नाहीत, त्यांचा पैसा अडवायचा, त्यांच्या म्होरक्यांना कुणी दारात उभं करायचं नाही.

"निर्बंध बोले तो?" मामूनं विचारलं.

"बहिष्कार," मी म्हणालो.

"मतलब हुक्कापानी बंद. सच्ची बात है. बच्चे पकडनेवालों का दानापानी बंदच होना."

मी सम्यककडं बघत होतो. बहिष्कार काय चीज असते ते आमच्या घराला शिकवायला नको. मेलेली ढोरं ओढणार नाही असं आज्यानं आणि त्याच्या भावकीनं ठरवलं, तेव्हा गावानं वाड्याचं पाणी तोडलं, दळण तोडलं, सरपणाला रानात पाय ठेवू दिला नाही. आजा सांगायचा, "काठी न्हाई उगारली कुणी. नुस्तं देणं बंद केलं. त्येच्यानंच जीव जायला आला." हे हत्यार आमच्या पाठीवर वापरून झालेलं होतं. ते आम्ही कधी हातात का घेतलं नाही, असं माझ्या डोक्यात त्या दिवशी आलं. डॉक्टरची टोळी चालते कशावर? आमच्या पोरांवर, आमच्या बायांच्या मोलमजुरीवर, आमच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरांवर. दोरी तर आमच्याच हातात होती.

फ्लेक्स पास करायला डॉक्टर स्वतः दुकानात आला. पांढरे कपडे, मऊ आवाज. मला बघून थांबला.

"तू आपल्याच गावचा ना? अरे, तलवार धुणारा तूच की!" तो मनापासून हसला. "मम्मी अजून सांगते. बरं, यंदा खालची ओळ जरा मोठी कर. पोरं खूष होतात."

"खालची ओळ छापणार न्हाई."

"का?"

"लेकरं हायती ती."

"मग? शुभेच्छाच देतायत. त्यात काय गुन्हा आहे?"

"डॉक्टर, तुमचा फोटो कधी खालच्या ओळीत व्हता का?"

त्याचं हसू गेलं. तो मामूकडं वळला. "मामू, तुमचा माणूस फार बोलायला लागलाय." आणि गाडीत बसून गेला.

मामू कपाळाला हात लावून बसला. "अरे बावा, मेरेकू इसी धंदे में मरना है. कायकू पंगा लिया?" मग तो उठला आणि मशिनचं बटण बंद केलं. "उनका फोन आया तो बोल, मशीन बिगड़ गई. कब सुधरती पूछे तो बोल, मालूम नै." एवढंच त्याच्यानं झालं. एवढंही मला पुष्कळ वाटलं.

मी गावी गेलो. अक्का भाऊंच्या बंगल्यावर धुणंभांडी करते. नवरा नाही. तिला सांगितलं तर माझ्यावरच उखडली.

"फोटोच तर हाय. तुझं काय जातंय? त्येच्या वयात तू न्हाई का नाचलास?"

"नाग्याचा बी फोटोच व्हता, अक्का."

सम्यक दारात उभा राहून ऐकत होता. मी त्याला हाताला धरलं आणि दोघांना घेऊन वडारवाड्यात नाग्याच्या मायकडं गेलो. शांतामाय म्हणतात तिला सगळे.

दुपार होती. शांतामायचं घर म्हणजे दगडाच्या भिंती आणि वर फ्लेक्स ताणलेला. जुने फ्लेक्स आमच्याकडं छपरालाच जातात, पाऊस गळत नाही. पण हिनं कुठला घेतला होता ते मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. ती सम्यकला म्हणाली, "नीज इथं खाली. मी निजते तिथं."

तो आडवा झाला. मीही वर बघितलं.

छपराला नाग्या होता. छापलेली बाजू तिनं आत घेतली होती. वरून ऊन पडत होतं आणि त्याचा चेहरा आतून पेटल्यासारखा उजळला होता. गॉगल, हिरड्या, सगळं. कडेचा मजकूर विटून गेला होता, भाऊंचं नाव पार उडालं होतं. चेहरा तेवढा राहिला होता.

"बाहीर ठिवला असता तर पाण्यापावसानं धुऊन गेला असता," शांतामाय म्हणाली. "म्हणून आत घेतला. ऊन आलं की उठतो, ऊन गेलं की निजतो. तुझी माय बी अशीच बघत बसंल, बाळा."

अक्कानं तोंडात पदर कोंबला. सम्यक उठला आणि बाहेर निघून गेला. मला वाटलं, झालं काम. चुकलो. चौदाव्या वर्षी मरण नेहमी दुसऱ्याचंच असतं.

पण अक्काला लागलं. तिनं त्याच संध्याकाळी नळावर बायांना गोळा केलं, दोन्ही वाड्यांतल्या. आज्याची गोष्ट मी सांगितली. मग बायाच बोलल्या. कुणी म्हणाली, फोटो द्यायचा नाही. कुणी म्हणाली, बंगल्यावरचं काम सोडायचं. मंडळाच्या जेवणावळीची भांडी घासायची नाहीत, त्यांच्या दारचं खायचं नाही, मंडळासाठी निघालेल्या पोरांना ओवाळायचं नाही. "आन् ट्रॅक्टरवर बी जायचं न्हाई? खावं काय मग?" एकीच्या नवऱ्यानं विचारलं. शांतामाय म्हणाली, "पोटचं द्यायचं बंद करा आधी. बाकीचं हळूहळू कळंल." तिच्यापुढं कोण बोलणार?

अक्कानं दुसऱ्या दिवशी बंगल्याचं काम सोडलं. वाड्याकडं येणारा पाण्याचा टँकर त्याच आठवड्यात यायचा थांबला. माझी मोटारसायकल कुणीतरी पेटवली. काही ड्रायव्हर ट्रॅक्टरवरून उतरले, काही उतरले नाहीत, एक-दोन घरं फुटून मंडळाला मिळालीही. मी कुणाला नावं ठेवत नाही. उपाशी पोटी बहिष्कार पाळणं सोपं नसतं, आज्यालाही गेलं नव्हतं.

फ्लेक्स दुसरीकडून छापून आले. आमच्या वाड्याच्या कोपऱ्यावरही एक लागला. खालची ओळ मोठी, आणि त्यात सम्यक. त्यानं स्वतःच अक्काच्या मोबाइलवरून फोटो पाठवला होता, मंडळानं काढून टाकायचं काही कारण नव्हतं. वाढदिवसाच्या सकाळी मी शिडी लावली. शांतामायनं शिडी धरली. दुकानातल्या कटरनं मी ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत कापली, सगळे बघत असताना. चेहरे गुंडाळून काखेत मारले. डॉक्टर वर तसाच राहिला, पायापासून तुटलेला.

खाली उतरलो तर अक्का धावत आली. "सम्या घरात न्हाई."

चौकात पोचलो तेव्हा तो जीपच्या टपावर होता. फेटा, गॉगल, आणि हातात तीच तलवार. मूठ मी लांबूनही ओळखली. मला वाटलं, मी खाली उभा नाही, वर उभा आहे. छातीवर नाग्याची मूठ आवळली. अक्कानं हाक मारली, डीजेत ती विरली. त्यानं आम्हाला बघितलं आणि मान दुसरीकडं फिरवली.

केक आला. गाणं थांबलं. सम्यक खाली उतरला आणि तलवार घेऊन पुढं गेला. डॉक्टरनं हात पुढं केला. वैनीसाहेब खुर्चीत बसल्या होत्या, केस पिकले होते, आवाज तोच होता.

"आधी धुऊन घ्या ती. त्याच्या हातात होती ना."

चौक शांत असल्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. सम्यकलाही. तो हसला आधी, समजलं नसल्यासारखा. मग टँकरकडं बघितलं. मग स्वतःच्या हाताकडं. माझ्या तोंडून इतकी वर्षं अडकलेलं निघालं, जितक्या जोरात निघायचं तितक्या.

"सम्या, धुऊ नको!"

कुणीतरी माझ्या थोबाडीत मारली. मी पडलो, उठलो. सम्यकनं तलवार धुतली नाही. टेबलावरही ठेवली नाही. डांबरावर ठेवली, वैनीसाहेबांच्या खुर्चीसमोर, आणि गॉगल काढून तिच्यावर ठेवला. मग अक्काकडं चालत आला. रडत नव्हता. त्याचा हात मात्र तो शर्टाला पुसत होता, पुन्हा पुन्हा, आणि मी तो धरून थांबवला.

इथंच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण आम्ही वळलो तेव्हा मागून पावलं वाजली. सम्यकपेक्षाही लहान एक पोरगं पुढं झालं. कुठल्या वाड्याचं मला ठाऊक नव्हतं. त्यानं तलवार उचलली, टँकरवर नेली आणि पावडर लावून घासायला लागलं. जिथं बोटं होती तिथं जास्त. गॉगल त्यानं डोक्यावर चढवला होता. कुणी सांगायच्या आधीच.

केक कापला. लोक ओरडले.

कापलेली ओळ मी एकेक चेहरा वेगळी करून ज्याच्या त्याच्या मायला नेऊन देतोय. काही घरांत दार लावून घेतात, तरी मी थांबतो. मनाशी ठरवलंय, हा चेहरा मी छापणार नाही, दुसऱ्यानं छापला तर कापणार, आणि याच्या मायला शांतामायच्या घरात दुपारच्या उन्हात नेऊन निजवणार. आणि त्या धुणाऱ्या पोराचं नाव मी शोधून काढलंय. नदीपलीकडच्या तांड्यावरचं आहे. उद्या तिथं जायचंय. सम्यक सोबत येतो म्हणालाय. पोराच्या मायला मी सांगणार आहे की तुझ्या लेकरानं त्या दिवशी काय धुतलं.